रात्रीचं जेवण पावणेआठला आणलं, तेव्हा कुठे लवकर निजता आलं

ओसरी

गेली चौदा वर्षं मी पहाटे पाचला उठते. साडेपाचला नळाला पाणी येतं, सहापर्यंत डबे भरायचे असतात, पावणेसातला मुलीची व्हॅन आणि आठच्या आत मला डोंबिवली स्टेशन गाठायचं असतं. नातेवाईक कौतुक करतात, "किती चांगली सवय आहे हो तुला!" ते कौतुक मला कधी गोड लागलं नाही. का, ते मागच्या मे महिन्यात कळलं.

दूध तापायला ठेवलं होतं. मी ओट्याला टेकले आणि उभ्या उभ्या झोपले. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस सुरूच राहिला. मुलीला वासाने जाग आली म्हणून थोडक्यात निभावलं.

त्या दिवशी कागदावर हिशेब मांडला. झोपायला साडेबारा, उठायला पाच. म्हणजे साडेचार तास, तेही वर्षानुवर्षं. लहानपणी पाठ केलं होतं, "लवकर निजे, लवकर उठे". त्यातलं दुसरंच मी पाळत आले होते. पहिलं पाळायला कुणी कधी सांगितलं नाही. बायकांना तर नाहीच.

साडेबारा का व्हायचे? यजमान घरी यायचे सव्वानऊला. पान मांडायला पावणेदहा. जेवण, भांडी, ओटा, उद्याची भाजी निवडणं होईपर्यंत अकरा. मग मी फोन घेऊन बसायची. त्या दीड तासात विशेष काही करत होते असं नाही, कुणाचे फोटो, कुठली पाककृती. पण दिवसभरात मला कुणी हाक मारत नाही अशी तेवढीच वेळ होती. ती सोडून झोपायचं म्हणजे स्वतःचा म्हणून असलेला एकमेव तास देऊन टाकायचा. "फोन बाजूला ठेवा आणि झोपा" असं सांगणाऱ्यांना हे दिसत नाही.

म्हणून मी फोनपासून सुरुवात केली नाही, जेवणापासून केली. यजमान ऑफिसला एक जादा डबा नेतात. सहा वाजता तिथेच पोळीभाजी खातात आणि घरी आल्यावर फक्त आमटीभात किंवा ताक. मी, सासूबाई आणि मुलगी पावणेआठला जेवतो. पहिले दहा-बारा दिवस घरात फार चिडचिड झाली. चौघांनी एकत्र जेवणं हाच आमच्या घराचा कणा होता, तो मोडल्यासारखं सासूबाईंना वाटलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मग रविवारची दोन्ही जेवणं आणि शनिवारची रात्र एकत्रच, असं ठरलं.

दुसरं ठरवलं ते ओट्याचं. यजमान आल्यावर त्यांचं जेवण झालं की भांडी आणि ओटा त्यांच्याकडे. मी नऊला मोकळी. नऊ ते दहा मी गच्चीत बसते, बहिणीशी बोलते, वाचते. साडेअकराला चोरून घेत होते तो तास मला नऊला उजळ माथ्याने मिळाला, आणि मग दहाला झोपणं जड गेलं नाही.

झोप एकदम नाही ओढली. दर चार-पाच दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे. साडेबारावरून सव्वादहावर यायला सहा आठवडे लागले. उठणं पाचलाच ठेवलं, रविवारी फार तर सहा. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, उशाशी साधं गजराचं घड्याळ. आता पावणेसात तास मिळतात. दुपारी डोळे मिटत नाहीत, मुलीवर ओरडणं खूप कमी झालं आहे.

गणपतीत आणि दिवाळीत घडी मोडली, पण पाचला उठणं सोडलं नाही म्हणून आठवड्याभरात परत बसली. खरी अडचण आत्ता जानेवारीत आली आहे. झोप तेवढीच, पण पाचला उठवतच नाही. डोकं सात-साडेसातपर्यंत जड राहतं. जूनमध्ये असं नव्हतं. थंडीमुळे असेल का? आणि ज्यांना ही सवय लागली, त्यांच्या घरी काय काय बदलावं लागलं, तेही कृपया लिहा.

देहबोध

ओसरीताई, तुम्ही अनुभवाने जे शोधलंत ते फार बरोबर आहे. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, म्हणून त्यामागचं थोडं सांगते.

झोप दोन गोष्टींवर ठरते. एक, जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं. जितका वेळ जागे, तितका झोपेचा दाब जास्त. चहा-कॉफीतलं कॅफीन हा दाब कमी करत नाही, त्याची फक्त जाणीव अडवून धरतं. आणि घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीराबाहेर जायला साधारण पाच-सहा तास लागतात. सहाच्या चहातलं अर्धं कॅफीन रात्री अकरालाही रक्तात असू शकतं.

दुसरं, मेंदूतलं घड्याळ. डोळ्यांतून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. तो शरीराची वेळ राखतो. पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं ते फळमाशीवर शोधल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. माणसाचं हे घड्याळ सरासरी चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं. मोकळं सोडलं तर बहुतेकांची झोप रोज थोडी थोडी उशिराकडे सरकते. म्हणून जागरण सहज जमतं आणि लवकर झोपणं जमवावं लागतं. पंधरा-पंधरा मिनिटांनी मागे यायचं ते ह्यासाठीच.

हे घड्याळ रोज जुळवून घेतो तो प्रकाश. डोळ्याच्या पडद्यात अशा काही पेशी आहेत ज्या बघण्यासाठी नसून मुख्यतः उजेड किती आहे एवढं मेंदूला कळवण्यासाठी आहेत, आणि निळसर उजेड त्यांना जास्त जाणवतो. सकाळचा उजेड घड्याळ अलीकडे ओढतो, रात्रीचा पलीकडे ढकलतो. उजेड लक्समध्ये मोजतात. घरातल्या ट्यूबलाइटचा दोन-तीनशे लक्स असतो. ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार लक्स असतात. त्यामुळे खिडकीशी उभं राहणं आणि गच्चीत जाणं ह्यात मोठा फरक पडतो.

आता जानेवारीचं. मुंबईकडे जानेवारीच्या मध्यावर सूर्य सव्वासातच्या जरा आधी उगवतो, जूनच्या सुरुवातीला सहाला. तुमचे पाच म्हणजे जूनमध्ये सूर्योदयाआधी एक तास आणि आत्ता सव्वादोन तास. सात-साडेसातपर्यंत डोकं जड राहतं म्हणता, तेव्हाच तर उजेड होतो. थंडीचा वाटा असेल, पण माझ्या मते मुख्य कारण अंधार आहे. कामं थांबणार नाहीत हे कळतं, पण उठल्याबरोबर स्वयंपाकघरातले सगळे दिवे लावा, आणि स्टेशनला चालत जाताना फोन न बघता उघड्या आकाशाखालून जा. रात्री उलट करा: आठनंतर छताचे पांढरे दिवे बंद, एखादा पिवळा दिवा पुरे.

वैदर्भी

देहबोधताईंच्या प्रतिसादात एक भर घालते. आम्ही नागपूरचे, लग्नानंतर मी ठाण्यात आले आणि पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं की माझं काहीतरी बिघडलं. माहेरी सहाला सहज उठणारी मी इथे सात वाजले तरी अंथरुणात.

कारण साधं आहे. आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची. मुंबई ७३ अंशांच्या जरा अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं ह्या हिशेबाने मुंबईचा सूर्य घड्याळाच्या जवळजवळ ३९ मिनिटं मागे असतो. नागपूर ७९ अंशांवर, म्हणून तिथे साधारण २५ मिनिटं आधी उजाडतं. जानेवारीतही नागपूरला सात वाजायच्या आत सूर्य वर असतो. एकाच राज्यात एवढा फरक! १९०६ साली प्रमाणवेळ आली तरी मुंबईत १९५५ च्या सुमारापर्यंत 'मुंबई टाइम' वेगळा चालायचा, तो नेमका ३९ मिनिटं मागे. ओसरीताई, त्या जुन्या घड्याळाने तुम्ही चार वाजून एकवीस मिनिटांनी उठता. शरीराला ते तसंच वाटतं.

ओसरी

चार एकवीस! वैदर्भी, हे वाचून डोळ्यात पाणी आलं. चौदा वर्षं मी स्वतःला आळशी म्हणत होते. मनापासून आभार.

ब्राह्ममुहूर्त_साधक

सर्वांना नमस्कार. मी गेली नऊ वर्षं पहाटे चारला उठून ध्यान करतो. आपल्या पूर्वजांनी ब्राह्ममुहूर्ताचं महत्त्व सांगितलेलं आहे आणि त्यात तडजोड नसावी असं मला वाटतं. चारला उठा, एका महिन्यात आयुष्य बदलेल. पहाटेची शांतता दुसऱ्या कोणत्याही वेळी मिळत नाही. पाच म्हणजे उशीरच.

देहबोध

साधकजी, त्या शांततेबद्दल पूर्ण सहमत. पण ब्राह्ममुहूर्त घड्याळातल्या चारला बांधलेला नाही, तो सूर्योदयाला बांधलेला आहे. मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं. सूर्योदयाआधी ९६ मिनिटांना तो सुरू होतो आणि ४८ मिनिटं आधी संपतो. मुंबईला जूनच्या सुरुवातीला तो पहाटे साडेचारच्या सुमाराला लागतो, आणि आत्ता जानेवारीत पाच वाजून अडतीस मिनिटांनी. म्हणजे ओसरीताई सध्या ब्राह्ममुहूर्ताच्याही आधी उठतात. शिवाय आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट यांनी दिनचर्या सांगताना हा नियम 'स्वस्थ' माणसासाठी सांगितला आहे. आजारी, बाळंतीण, लहान मूल, रात्री जागलेला माणूस, ह्यांना तो तसाच लावता येत नाही.

आपण किती वाजता झोपता ते लिहिलंत तर वाचणाऱ्यांना उपयोग होईल.

ब्राह्ममुहूर्त_साधक

मी रात्री साडेआठला झोपतो. सेवानिवृत्त आहे, मुलं परगावी आहेत. जेवण सूर्यास्ताच्या सुमाराला. आपण विचारलंत तेव्हा लक्षात आलं की मी दर वेळी उठण्याची वेळ सांगतो, झोपण्याची सांगत नाही. सूर्योदयाचा हिशेब मी कधी केला नव्हता. उद्यापासून पंचांग बघून वेळ ठरवीन. ओसरीताई, आपल्याला कमी लेखायचा हेतू नव्हता.

कांदेवाला_शेतकरी

सगळं वाचलं, चांगलं आहे. आमच्याकडची गोष्ट वेगळी आहे म्हणून लिहितो.

राहुरी तालुका. लोकांना वाटतं शेतकरी म्हणजे कोंबड्याबरोबर उठणारा आणि दिवेलागणीला निजणारा. माझ्या आज्याचं तसं होतं, मोट होती तोवर. आता मोटारीला थ्री फेज लाइट लागते आणि ती काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत दहा-अकराला लाइट आली की बॅटरी, काठी, गमबूट घेऊन रानात. एक वाफा भरला की दुसऱ्याचं दार धरायचं. कांद्याला पाणी जास्त झालं तर सड, कमी झालं तर वाढ खुंटते, त्यामुळे मोटार चालू करून घरी येऊन झोपता येत नाही. वर बिबट्याची भीती. पहाटे घरी येतो तर गाईंची धार काढायची वेळ, डेअरीवर दूध साडेसहाला जायला हवं. मग झोप मोजायची कुठून?

पुढच्या आठवड्यात पाळी दिवसाची. तेव्हा रात्री दहाला आडवा होतो, पण डोळा लागत नाही, शरीर बारापर्यंत वाट बघत बसतं. ते जुळतंय तोवर परत रात्रीची पाळी. ह्यात सवय लागायची कशी?

सौरऊर्जेवर दिवसा वीज द्यायची योजना २०१७ पासून आहे. माझ्या मेहुण्याच्या गावाला ती पोचली. त्याने सांगितलेली पहिली गोष्ट पिकाची नव्हती. "भाऊजी, रात्री झोपतो आता," असं म्हणाला. आमच्याकडे येईल तेव्हा खरं. तोवर कुणी काही उपाय सांगत असेल तर ऐकीन.

रात्रपाळीची_ताई

दादा, तुमचं लिहिणं वाचून थांबले. मी २२ वर्षं परिचारिका आहे, महिन्यात आठ-दहा रात्रपाळ्या असतात. पाळी तुमच्या हातात नाही, माझ्याही नाही. मला ज्याचा उपयोग झाला ते सांगते.

रात्रपाळी संपवून घरी जाताना मी गडद गॉगल लावते. सकाळचा लख्ख उजेड डोळ्यात गेला की मेंदूला दिवस उगवल्याचं कळतं आणि मग झोप उडते. खिडकीला आतून जाड काळं कापड. घरच्यांना सांगून ठेवलंय की सकाळी नऊ ते दोन माझी रात्र आहे, बेल वाजवायची नाही, कुकर लावायचा नाही. आधी लोक हसायचे, आता दारावर पाटीच आहे.

तुमच्याकडे धार काढल्यावर साडेसातला झोपता येत असेल तर पाच तास एकसलग झोपाच. आणि रात्री मोटारीवर जायच्या आधी, संध्याकाळी सात ते साडेआठ, एक झोप काढून घ्या. रानात असताना चहा लागतो ते मान्य, पण दोनच्या पुढे घेऊ नका. ही सवय नव्हे, हे निभावणं आहे. पण निभावण्याचीही पद्धत असते. आणि अंधारात, अर्धवट झोपेत मोटारीच्या विजेच्या पेटीला हात लावू नका हो. आमच्या वॉर्डात अशी माणसं येतात.

कांदेवाला_शेतकरी

ताई, संध्याकाळची झोप डोक्यातच आली नव्हती. आजच मंडळींना सांगतो. पेटीचं लक्षात ठेवीन.

अभ्यासिका_टेबल_१७

मी २३ वर्षांचा, पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. सदाशिव पेठेत अभ्यासिका रात्रभर उघडी असते. मी दोनपर्यंत वाचतो, नऊला उठतो. घरून रोज फोन येतो, "पहाटे उठून अभ्यास कर, पहाटेचं लक्षात राहतं." मी तीन वेळा प्रयत्न केला. पाचचा गजर लावून अभ्यासिकेत गेलो आणि टेबलावर झोपलो. माझं वाचन रात्री अकराला खरं रंगतं. मी खोटं बोलत नाही. पण परीक्षा सकाळी साडेनऊ-दहाला असते हे मला माहीत आहे. मी काय करावं?

देहबोध

तुम्ही खोटं बोलत नाही. काही माणसं घडणीनेच उशिराची असतात, काही लवकरची, बरीचशी मधली. शिवाय वयात आल्यावर घड्याळ पुढे सरकतं आणि साधारण विशीपर्यंत तिथेच राहतं. नंतर हळूहळू मागे येऊ लागतं. म्हणून दहावी-बारावीच्या मुलांना सातच्या शाळेला उठवणं एवढं कठीण जातं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, ते चांगलंच झालं. पण झोपेचं शास्त्र बघितलं तर ती सवलत मोठ्या मुलांना जास्त हवी होती.

पहाटे उठून अभ्यास केला म्हणजे जास्त लक्षात राहतं असं नाही. अभ्यास केल्यावर पुरेसं झोपलं तर लक्षात राहतं. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, स्वप्नांची शेवटच्या भागात. दोनला झोपून पाचचा गजर लावलात तर तो शेवटचा भाग जवळजवळ पूर्ण कापला जातो. मग टेबलावर झोप लागणारच.

तुम्हाला पाचची गरज नाही, साडेसातची आहे. परीक्षेच्या दोन महिने आधीपासून उठणं दहा-पंधरा मिनिटं करत हळूहळू अलीकडे आणा, उठल्याबरोबर बाहेर अर्धा तास चालून या, आणि अभ्यासिका बारा, मग साडेअकराला सोडा. आधी उठणं, मग झोपणं. उलट केलंत तर अंथरुणात नुसते तळमळत पडाल आणि अंथरूण म्हणजे तळमळ असं मेंदूच्या डोक्यात बसेल. आई-वडिलांना हा प्रतिसाद वाचून दाखवा, असं मी मनापासून सांगते.

सातारकर_आबा

वय ७८. माझ्या लहानपणी गावात वीज नव्हती. कोजागिरीपासून महिनाभर देवळात काकडा चालायचा, पहाटे चार-साडेचारला टाळ वाजले की सगळं गाव जागं. लोक हे सांगताना पुढचं सांगत नाहीत. रात्री आठला गाव निजलेलं असायचं, कारण रॉकेल जपून वापरावं लागे. आणि उन्हाळ्यात भर दुपारी रानात कोणी नसे, सगळे झाडाखाली आडवे. वामकुक्षी म्हणून नुसती कूस बदलणं नव्हे, चांगली घोरती झोप. वीज आली, मग टीव्ही आला, तशी रात्र लांबत गेली. पहाट मात्र गाईम्हशींनी जिथल्या तिथे धरून ठेवली. दोन्हींच्या मध्ये माणसाची झोप चेपली गेली.

माझी अडचण निराळी. मला पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा लागत नाही. पडून राहावं की उठावं?

रात्रपाळीची_ताई

आबा, संध्याकाळी किती वाजता डोळे मिटायला लागतात?

सातारकर_आबा

साडेसातला बातम्या बघता बघता खुर्चीतच. मग आठला गादीवर.

रात्रपाळीची_ताई

आठ ते तीन म्हणजे सात तास झालेच की आबा. झोप पुरी आहे, फक्त अलीकडे सरकली आहे, वयानुसार ती तशी सरकते. संध्याकाळी पाच ते साडेसहा बाहेर उजेडात फिरायला जा, बातम्या बसून न बघता उभ्याने किंवा कुणाशी बोलत बघा, आणि नऊपर्यंत रेटा. तीनला जाग आली तर मोठे दिवे लावू नका. रात्री लघवीला किती वेळा उठता, औषधं कोणती चालू आहेत, हे मात्र तुमच्या डॉक्टरांना सांगा. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, वेळ बदलली की फरक पडतो. स्वतःहून बदलू नका.

उत्तरेचा_उजेड

स्टॉकहोमहून. इथे डिसेंबरमध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमाराला दिसतो आणि दुपारी तीन वाजायच्या आत मावळतो. जूनमध्ये पहाटे साडेतीनला उगवतो, रात्री दहानंतर मावळतो. पहिल्या वर्षी मी दोन्ही ऋतूंत कोसळले. आईने शिकवलेली "सूर्याबरोबर उठावं" ही रीत इथे चालत नाही. डिसेंबरात तशी वागले असते तर नोकरी गेली असती, जूनमध्ये वागले असते तर मी.

शेवटी उठण्याची वेळ साडेसहा ठरवली आणि ती बारा महिने तीच. हिवाळ्यात न्याहारीच्या टेबलावर प्रखर दिवा असतो, त्यासमोर अर्धा तास बसते. उन्हाळ्यात नऊला पडदे ओढून घर काळोखं करते. मुलाला रामरक्षा म्हणायची सवय लावली आहे. बाहेर ऊन असलं तरी रामरक्षा झाली की रात्र झाली, हे त्याच्या अंगवळणी पडलं. तीन वर्षांचा होता तेव्हापासून त्याला ते कळतं.

निःशब्द_वाचक

पहिल्यांदाच लिहितेय. ह्यातली एक शक्यता कुणी लिहिली नाही म्हणून. आमच्या घरी जेवण लवकर, झोप दहाला, सगळं नियमाने. तरी यजमान सकाळी उठले की थकलेले, दुपारी गाडी चालवताना पेंग. आम्ही दोन वर्षं "अजून लवकर झोपा" ह्याच मार्गाने गेलो. ते खूप घोरायचे आणि मधूनच घोरणं थांबायचं, मग धाप लागल्यासारखा श्वास. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. शेवटी झोपेची तपासणी केली. रात्रभरात श्वास असंख्य वेळा अडत होता, त्यांना पत्ताच नव्हता. आता रात्री नाकावर मास्क लावून यंत्राने हवा घेतात. पहिल्याच आठवड्यात सकाळी शीळ घालत चहा केला त्यांनी. आठ तास झोपूनही कुणी थकत असेल तर सवयीला दोष देत बसू नका, दाखवून या.

ओसरी

तीन आठवड्यांनी परत लिहितेय. सगळ्यांचे प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. आबांचा ऐकून त्या म्हणाल्या, "अगदी आमच्या गावासारखं." निःशब्दताई, तुमचं वाचून मी यजमानांच्या घोरण्याकडे दोन रात्री कान दिला. थांबत नाही, एकसारखं आहे. तरी पुढच्या तपासणीत विचारणार आहोत.

जानेवारीवर केलेला उपाय सांगते. घरात बसून विचार केला की पाचलाच का उठते मी? पाण्यासाठी आणि डब्यांसाठी. पाण्याला उत्तर सापडलं: टाकीला फ्लोट वॉल्व्ह बसवला, आता नळ सोडून ठेवला तरी भरली की आपोआप बंद होते. त्यासाठी उभं राहावं लागत नाही. इतकी वर्षं हे का सुचलं नाही कोण जाणे. डब्यांचं असं, की कणीक रात्री यजमान भिजवून ठेवतात आणि भाजी चिरलेली असते. मी आता पावणेसहाला उठते. झोप साडेसात तास. वैदर्भीच्या हिशेबाने, जुन्या मुंबई टाइमचे पाच वाजून सहा मिनिटं.

देहबोधताईंनी सांगितल्याप्रमाणे स्टेशनला रिक्षाऐवजी चालत जाते, वीस मिनिटं, आकाश बघत. चार-पाच दिवसांत डोक्याचा जडपणा गेला.

मुलगी आठवीत आहे, तिची शाळा सातलाच भरते आणि ते मला बदलता येत नाही. पालक सभेत हा विषय मी मांडला. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं, दोन सत्रांत शाळा चालते म्हणून वेळ बदलणं कठीण आहे म्हणाले. तीन आया नंतर बाहेर येऊन माझ्याशी बोलल्या. त्यातल्या दोघी रोज साडेबाराला झोपतात.

दादा, तुमची रात्रीची पाळी सुरू झाली का? संध्याकाळची झोप जमली का ते कळवा.

कांदेवाला_शेतकरी

चालू आहे ताई. साडेसहालाच जेवतो आणि आठपर्यंत पडतो, पोरगी हाक मारून उठवते. पहिले तीन दिवस झोप आली नाही, नुसता पडून राहिलो. चौथ्या दिवशी लागली. काल रानात पहाटे तीनला डोळे उघडे होते. कांदा चांगला आहे.